औषध चालू असूनही फिट का येते? सर्जन पेनफिल्ड यांची गोष्ट

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय, हे तुम्हाला माहीत असेलच. प्रचंड गोंगाटातून एक बारीकशी थरथर पकडायची, हे त्याचं काम. फिट नेमकी मेंदूत कुठून उठते, हे शोधणंही साधारण तसंच, आणि वायल्डर पेनफिल्ड यांनी त्यातच आयुष्य घातलं.

जन्म 1891 चा, अमेरिकेतल्या स्पोकेनचा. 1928 मध्ये ते जर्मनीत ओटफ्रिड फर्स्टर यांच्याकडे शिकायला गेले. महायुद्धात डोक्याला मार लागलेल्या सैनिकांना पुढे फिट्स येत. फर्स्टर त्यांच्या मेंदूवरचा जखमेचा व्रण कापून काढत.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेनफिल्ड यांची थोरली बहीण रूथ त्यांच्याकडे माँट्रियलला आली. सहा मुलांची आई. फिट्सचा त्रास तिला कितीतरी वर्षांचा. तेव्हा ब्रोमाइड आणि फेनोबार्बिटल ही औषधं होती, पण रूथच्या मेंदूत उजवीकडे पुढच्या भागात मोठी गाठ निघाली. ऑपरेशन पेनफिल्ड यांनी स्वतः केलं. भावाने बहिणीच्या मेंदूला हात लावायचा, हे आज कुठल्याही हॉस्पिटलात सहजासहजी चालणार नाही! गाठ पूर्ण निघाली नाही. साधारण सव्वा वर्षानंतर पाहुण्यासाठी स्वयंपाक करायचा होता; सामान सगळं समोर, पण आधी काय करावं हेच तिला सुचेना. 1931 मध्ये ती गेली.

आता मुद्दा औषधाचा. गोळी मेंदूतल्या विजेचा भडका दाबते. भडका जिथून उठतो ती गाठ किंवा तो व्रण ती पुसत नाही. शिवाय रक्तातून मेंदूत जाण्याच्या वाटेवर काही प्रथिनं पंपासारखी औषध बाहेर फेकतात आणि काहींमध्ये औषधाने जिथे काम करायचं ते सोडियम चॅनेलच बदललेलं असतं, असा संशोधकांचा अंदाज आहे. योग्य निवडलेली दोन औषधं नीट घेऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर डॉक्टर त्याला औषधाला दाद न देणारी मिरगी म्हणतात. साधारण तीनातल्या एका पेशंटचं असं होतं.

पण त्याआधी डोस चुकतोय का, मिरगीच्या प्रकाराला औषध बरोबर आहे का, मुळात ही मिरगीच आहे का, हे बघावं लागतं. इथे तुमचा फोन कामाचा. फिट येत असताना पेशंटला कुशीवर वळवा, दुसऱ्या कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा आणि तो न्यूरोलॉजिस्टला दाखवा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. त्याने फिट्स वाढतात, जिवावरही बेततं.

1934 मध्ये पेनफिल्ड यांनी माँट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू केली. तिथली त्यांची पद्धत गाजली. फक्त कातडी बधिर करायची, पेशंट जागा. मेंदूला स्वतःला दुखत नाही. बारीक करंट देत जायचं, पेशंटने काय वाटलं ते सांगायचं, त्या जागी नंबरची चिठ्ठी ठेवायची. नेहमीच्या फिटची सुरुवातीची जाणीव जिथे उठली, ती जागा सापडली! बोलण्याची, हाताची जागा वाचवायची. पुढे हर्बर्ट जॅस्पर यांनी ईईजीची जोड दिली. संपूर्ण मेंदूत एकदम भडका उठणाऱ्या मिरगीत मात्र कापायला अशी एक जागाच नसते.

मुंबईत न्यूरोसर्जरीचा पाया घालणारे डॉ. राम गिंडे माँट्रियललाच शिकून आले. पेनफिल्ड 1976 मध्ये वारले. आज एमआरआय आणि व्हिडिओ-ईईजीमुळे जागेचा बराचसा अंदाज कवटी उघडण्याआधीच येतो.