चिमुकल्यांना वेदीजवळ नेणाऱ्या मारिया मॉन्टेसरी

येत्या जूनमध्ये आपल्या चर्चमध्ये धर्मशिक्षणाचे नवे वर्ष सुरू होईल. प्रथम कम्युनियन आणि दृढीकरणाच्या वर्गांना शिक्षक मिळतात. अडचण येते ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या बायबल वर्गाची. ह्या वर्गासाठी स्वयंसेवक हवेत असे म्हटले की कोणी बायबलचा अभ्यास नाही असे सांगतो, कोणी प्रशिक्षण नाही म्हणतो, तर कोणाला वाटते की एवढ्याशा मुलांना देवाचे काय कळणार! खरे सांगायचे तर हा वर्ग घेणारे आम्हीही ह्याच शंका घेऊन आलो होतो. पहिल्या वर्षी मुलांना गप्प बसवण्यातच आमचा सारा वेळ गेला. त्या वेळी आम्हाला धीर दिला तो एका स्त्रीच्या जीवनकथेने. त्यांचे नाव बालवाडीच्या पाटीवर आपण सर्वांनी वाचले आहे. पण त्या कॅथॉलिक होत्या आणि चर्चमधल्या लहान मुलांसाठी त्यांनी मोठे काम केले, हे थोड्यांनाच ठाऊक आहे. ६ मे हा डॉ. मारिया मॉन्टेसरी ह्यांचा स्मृतिदिन. त्यानिमित्ताने ही ओळख.

मारियांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियारावाल्ले ह्या गावी झाला. मुलीने डॉक्टर होणे त्या काळी समाजाला मान्य नव्हते. तरीही १८९६ मध्ये रोमच्या विद्यापीठातून त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. सुरुवातीला त्यांनी मतिमंद म्हणून वेड्यांच्या इस्पितळांत ठेवलेल्या मुलांसाठी काम केले. ज्यांची आशा सर्वांनी सोडली होती, अशांपैकी काही मुले त्यांच्या शिकवण्याने लिहू-वाचू लागली.

पुढे रोममधील सान लोरेन्झो ह्या गरीब कामगारवस्तीतून त्यांना बोलावणे आले. आईवडील कामावर गेले की लहान मुले चाळींतून मोकाट फिरत आणि नव्याने दुरुस्त केलेल्या भिंती खराब करीत. इमारतींच्या मालकांना मुलांपेक्षा भिंतींची काळजी अधिक होती! अशा साध्या कारणातून ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, पहिले बालगृह उघडले. सुमारे ५० मुले होती आणि त्यांना सांभाळायला ठेवलेली तरुण स्त्री प्रशिक्षित शिक्षिका नव्हती. मॉन्टेसरींना ह्यात उणीव वाटली नाही. शिकवण्याच्या जुन्या सवयी नसलेली व्यक्ती मुलांना त्यांच्या कलाने वागू देईल, असाच त्यांचा अनुभव होता.

तेथे त्या बोलल्या कमी आणि पाहत अधिक राहिल्या. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळे त्यांच्या त्यांच्या भोकांत बसवत होती. मॉन्टेसरींनी इतर मुलांना तिच्याभोवती गायला लावले, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. तरी मुलीचे लक्ष ढळले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने तेच काम केले आणि मग प्रसन्न चेहऱ्याने उठली. दुसऱ्या एका दिवशी मॉन्टेसरी चार महिन्यांचे तान्हे बाळ कडेवर घेऊन वर्गात आल्या. हे बाळ किती शांत आहे ते त्यांनी मुलांना दाखवले. मुले त्याच्याइतकी निश्चल होण्याचा प्रयत्न करू लागली आणि वर्गात अशी शांतता पसरली की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. लहान मुलाला शांतता नकोशी नसते, त्याला ती आवडते, हे त्यांच्या ध्यानी आले. आम्ही हे वाचले त्या दिवसापासून वर्गात ओरडणे थांबवले.

१९१० मध्ये पोप संत दहावे पायस ह्यांनी सुमारे सात वर्षांच्या, समज आलेल्या मुलांना कम्युनियन घेण्याची वाट मोकळी केली. मग त्याआधीच्या वर्षांत मुलांची तयारी कशी करावी? मॉन्टेसरींनी ह्याचे उत्तर स्पेनमधील बार्सिलोना शहरात धर्मगुरूंच्या साथीने शोधले. १९१५ नंतरच्या त्या वर्षांत तेथे मुलांसाठी एक छोटे प्रार्थनागृह सजवण्यात आले. खुर्च्या लहान, चित्रे मुलांच्या नजरेच्या उंचीवर, पवित्र पाण्याचे पात्रही त्यांच्या हाताला लागेल असे. मुले वेदीवरील वस्तूंची नावे शिकत, मेणबत्ती पेटवत, फुले रचत, सांडू न देता पाणी नेत.

ह्याहून सुंदर प्रयोग शेतातला होता. मिस्सेची भाकर आणि द्राक्षारस कोठून येतो हे मुलांना कळावे म्हणून त्यांच्यासाठी जमीन राखून ठेवली. त्यांनी गहू पेरला, द्राक्षवेल लावले, पाणी घातले आणि पीक आल्यावर आनंदाने कापणी केली. वेदीवर अर्पण होणाऱ्या भाकरीत आपल्या हातची मेहनत आहे, हे त्या लेकरांनी अनुभवले. मुलाने चर्चमध्ये केवळ पाहुणा म्हणून न बसता तेथे जगावे, हा विचार त्यांनी १९२२ मध्ये एका पुस्तकातून मांडला.

मारियांचे जीवन मात्र दुःखमुक्त नव्हते, निर्दोषही नव्हते. १८९८ मध्ये, विवाह झालेला नसताना, त्यांना मारिओ नावाचा मुलगा झाला. समाजाच्या भीतीने त्याला दुसऱ्या कुटुंबात वाढवावे लागले. जगाच्या मुलांना जवळ घेणाऱ्या ह्या आईपाशी तो राहायला आला तेव्हा बालपण संपत आले होते. आणि त्यानंतरही अनेक वर्षे त्या त्याला उघडपणे आपला मुलगा म्हणू शकल्या नाहीत. एवढी जखम उरात असूनही त्यांनी मुलांची सेवा सोडली नाही.

फॅसिस्ट राजवटीशी बिनसल्याने त्यांना इटली सोडावी लागली, १९३६ च्या यादवी युद्धामुळे स्पेन सुटले. १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओंसह मद्रासच्या अड्यारला आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओंना आपल्या अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) छावणीत स्थानबद्ध केले. मारियांवर अड्यारबाहेर न जाण्याचे बंधन आले. मात्र त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, व्हाइसरॉयांनी मारिओंची सुटका केली. वाढदिवसाची भेट म्हणून आईला तिचा मुलगा परत मिळाला! युद्धकाळात अड्यार आणि कोडाईकॅनल येथे त्यांनी काम चालूच ठेवले. हजाराहून अधिक भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवाइक येथे त्यांचे निधन झाले. तेथील कॅथॉलिक दफनभूमीत त्या विसावल्या आहेत. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, रोममध्ये बायबलच्या अभ्यासक सोफिया कावालेत्ती आणि मॉन्टेसरी शिक्षिका जान्ना गोब्बी ह्यांनी तीन वर्षांपासूनच्या मुलांना त्याच पद्धतीने उत्तम मेंढपाळाची ओळख करून देण्याचे काम सुरू केले. आज ते अनेक देशांत चालते.

प्रिय धर्मग्रामस्थांनो, आमच्या वर्गात शेत नाही. पण गेल्या वर्षी मुलांनी कुंडीत गव्हाचे दाणे पेरले. अंकुर फुटले त्या रविवारी एकही मूल ओरडले नाही. सगळी वाकून पाहत होती. ह्या वर्गाला पंडित नको आहेत. आठवड्यातून एक तास जमिनीवर मांडी घालून बसणारी, कमी बोलणारी, वाट पाहणारी माणसे हवी आहेत. आजी-आजोबा चालतील, कॉलेजमधील मुले-मुली चालतील. आपल्या मनात इच्छा असेल तर मिस्सेनंतर आम्हाला भेटा. लेकरांना माझ्याकडे येण्यापासून अडवू नका, असे प्रभूने शिष्यांना बजावले होते. आमच्या वर्गाचे दार शिक्षकाअभावी बंद राहिले, तर अडवणारे आपणच ठरू.