सबुरीचा कर्णधार

शिर्डीत वाढलेल्या पोराला एक शब्द कुणी शिकवावा लागत नाही. तो शब्द म्हणजे सबुरी! रिक्षाच्या मागे, लॉजच्या पाटीवर, पेढ्याच्या खोक्यावर, जिकडे बघावं तिकडे श्रद्धा आणि सबुरी. माझी श्रद्धा आहे महाराष्ट्राच्या रणजी टीमवर. सबुरीचे मात्र वांधे आहेत.

मित्रांनो, हसू नका. होस्टेलवर मुंबईची पोरं आधीच भरपूर हसतात. २०२४ साली मुंबईने रणजी करंडक ४२ व्यांदा जिंकला. आपल्या महाराष्ट्राच्या नावावर किती? फक्त दोन! पहिला १९३९-४० चा आणि दुसरा त्याच्या पुढच्या वर्षीचा. त्यानंतर आपण तीन वेळा फायनलला पोचलो आणि तिन्ही वेळा हरलो. १९७०-७१ ला मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई असे मोठे खेळाडू वेस्ट इंडीजला गेले होते, तरी उरलेल्या मुंबईने आपल्याला ४८ धावांनी हरवलं. १९९२-९३ ला पंजाबने आणि २०१४ ला कर्नाटकने. आपल्याच राज्यातल्या विदर्भाने २०१८ पासून २०२५ पर्यंत तीन करंडक नेले. आपण अजून टीम ‘बांधतोय’.

जास्त राग कशाचा येतो सांगू? झहीर खान श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. दोन्ही गावं आमच्या शिर्डीच्या आसपासची. पण झहीर खेळला बडोद्याकडून आणि मग मुंबईकडून. रहाणे मुंबईकडूनच. आपल्या मातीतली पोरं दुसऱ्यांचे करंडक उचलणार आणि आपण दर वर्षी ऐकणार, की टीम तरुण आहे, जरा वेळ द्या. अहो, किती वेळ द्यायचा? ऐंशी वर्षं झाली की!

ही तक्रार मी आजोबांकडे करायचो. त्यांचं फुलांचं दुकान होतं आणि दुकानात हार ओवताना कानाला रेडिओ. २०१४ ची फायनल आम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिली. मी तिसरीत होतो. केदार जाधवने त्या मोसमात १२२३ धावा काढल्या होत्या आणि क्वार्टर फायनलमध्ये मुंबईला वानखेडेवरच हरवलं होतं, म्हणून आजोबांनी करंडक आपलाच असं धरूनच ठेवलं होतं. हरल्यावर मी रडलो. आजोबांनी टीव्ही बंद केला आणि नेहमीसारखं एकच नाव घेतलं : देवधर.

खरं सांगायचं तर त्या नावाचा मला काही बोध झाला नाही. मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. ब्रॅडमनची सरासरी तोंडपाठ, पण देवधर म्हणजे काय तर एक ट्रॉफी! गेल्या वर्षी आजोबा गेले, तिसरा करंडक न बघताच. त्यानंतर मी ठरवून टाकलं की पुरे झालं, आता या टीमचा स्कोअर बघायचा नाही. पण आजोबा प्रत्येक पराभवानंतर हेच एक नाव का घ्यायचे, हे काही डोक्यातून जाईना. म्हणून सबमिशनच्या गर्दीतही देवधरांविषयी मिळेल ते वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. शिकले पुण्यात आणि पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. म्हणजे क्रिकेटपटू प्राध्यापक झाला असं नाही, तर प्राध्यापकच क्रिकेटपटू होता. त्या काळी क्रिकेटवर पोट भरणं शक्यच नव्हतं, कुण्या संस्थानिकाने नोकरी दिली तरच.

१९११ साली ते हिंदू संघाकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले. तेव्हा मुंबईत हिंदू, पारशी आणि युरोपियन असे तिरंगी सामने व्हायचे. पुढे मुस्लिमांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. त्यांचा शेवटचा प्रथम श्रेणी सामना १९४८ सालचा. आता जरा गणित करू, आपण इंजिनिअरिंगवाले ना! ३७ वर्षांत सामने किती? ८१. म्हणजे वर्षाला सरासरी दोन. आजचा खेळाडू शून्यावर आऊट झाला तर चार दिवसांनी पुन्हा पॅड बांधतो. देवधर आऊट झाले तर पुढची संधी कधीकधी सहा महिन्यांनी. तोपर्यंत वर्ग, विद्यार्थी, पेपर तपासणी आणि सराव. इतक्या थोड्या सामन्यांत त्यांनी ४५२२ धावा केल्या.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट वाचून मात्र मला वाईट वाटलं. ती गाळून फक्त कौतुक लिहिणं बरोबर होणार नाही. १९२० च्या चौरंगी सामन्यांत हिंदूंच्या नेमलेल्या कप्तानाची तब्येत बिघडली आणि त्याच्या जागी देवधरांना पुढे करण्यात आलं. त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ खेळाडू विठ्ठल पालवणकर संघात असताना! कारण उघड होतं. पालवणकर बंधू दलित होते. त्यांच्या सगळ्यात मोठ्या भावाला, बाळूला, म्हणजे त्या काळच्या भारतातल्या सर्वोत्तम गोलंदाजाला, तर संघातूनच वगळलं होतं. विठ्ठल आणि शिवराम या भावांनी निषेध म्हणून माघार घेतली. शेवटी १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू संघ जिंकला. हा निर्णय देवधरांचा नव्हता, निवड करणाऱ्यांचा होता. पण हे वाचल्यावर मला एवढं कळलं, की टीम हरते तेव्हा दोष नेहमी मैदानावरच नसतो, कधीकधी तो यादी बनवणाऱ्या टेबलावर असतो.

१९२६ मध्ये आर्थर गिलिगनची एम.सी.सी.ची टीम भारतात आली. मुंबईत ऑल इंडियाकडून खेळताना देवधरांनी त्यांच्याविरुद्ध १४८ धावा ठोकल्या. त्याच दौऱ्यात सी. के. नायडूंनी १५३ काढल्या होत्या. भारतीयही बरोबरीने खेळू शकतात हे या दौऱ्यात दिसलं आणि कसोटीचा दरवाजा किलकिला झाला. पण भारत पहिली कसोटी खेळला तो १९३२ साली, लॉर्ड्सवर. तोपर्यंत देवधर चाळीस वर्षांचे झाले होते आणि इंग्लंडला गेलेल्या संघात ते नव्हते. ज्या दरवाजाला त्यांनी धक्का दिला तो उघडल्यावर आत मात्र दुसरे गेले. एकही कसोटी त्यांच्या नशिबी आली नाही. आपण असतो तर बॅट माळ्यावर टाकून दिली असती!

देवधरांनी टाकली नाही. १९३४-३५ ला रणजी करंडक सुरू झाला आणि पहिले दोन्ही मोसम मुंबईने जिंकले. महाराष्ट्र आणि मुंबई एकाच विभागात, म्हणजे आपल्या टीमच्या वाटेत पहिल्याच पायरीवर मुंबई उभी. शिवाय चांगला खेळाडू तयार झाला की तो मुंबईला जाणार, नाहीतर संस्थानिकाच्या नोकरीत जाणार. वाचता वाचता मी थांबलोच. झहीर-रहाणेची आमची तक्रार तर नव्वद वर्षं जुनी निघाली!

अशा परिस्थितीत चाळिशी उलटलेल्या प्राध्यापकाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राची टीम उभी राहिली. त्यात सांगलीचा विजय हजारे होता. रंगा सोहोनी होता. १९३९-४० मध्ये हजारेने पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीयाने काढलेलं ते पहिलं त्रिशतक. त्याच मोसमात पुण्यातच संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने पहिला रणजी करंडक जिंकला. कप्तान देवधर, वय ४८.

पुढच्या वर्षी पुण्यात मुंबईशी गाठ पडली. आदल्या वर्षी आपल्याकडून खेळलेला खंडू रांगणेकर आता मुंबईकडे होता, आणि त्याने आपल्याचविरुद्ध द्विशतक ठोकलं. मुंबईची धावसंख्या ६५०. एरवी मॅच इथेच गेली म्हणायची. पण महाराष्ट्राच्या धावा होत्या ६७५! त्यात देवधरांच्या एकट्याच्या २४६. निकाल पहिल्या डावाच्या आघाडीवर लागला, म्हणजे फक्त २५ धावांवर. जे मुलगे त्यांच्या वर्गात शोभले असते त्यांच्या बरोबरीने हा माणूस उन्हात पळत होता. नंतर मद्रासला जाऊन मद्रासला हरवलं आणि सलग दुसरा करंडक पुण्यात आणला.

पण तेवढंच. हजारे लवकरच बडोद्याकडे गेला आणि १९४७ च्या फायनलमध्ये त्याने बडोद्यासाठी २८८ धावा काढल्या. देवधर मात्र महाराष्ट्रातच राहिले. १९४४ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतक केलं : १०५ आणि १४१.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपल्या टीमकडे विक्रमांची कधीच कमतरता नव्हती. १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा विक्रम नऊ धावांवर असताना समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. पण त्याच मोसमात मुंबईने आपल्याला बाहेर काढलं. २०१६ ला स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध ५९४ धावांची अभंग भागीदारी केली. करंडक नाही. २०२२ ला ऋतुराज गायकवाडने विजय हजारे ट्रॉफीत एका षटकात सात षटकार मारले आणि फायनलमध्ये शतकही केलं. तरी हरलो. विक्रम एकट्याचा असतो. देवधरांचे २४६ आठवतात, कारण त्यांना लागून बाकीच्यांचे चारशेच्या वर रन्स होते.

निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले, राष्ट्रीय निवड समितीवर होते. त्यांच्या मुलींनी चाळीसच्या दशकात बॅडमिंटनमध्ये देश गाजवला. १९६५ ला पद्मश्री, १९९१ ला पद्मभूषण. १९७३ मध्ये त्यांच्या नावाची ट्रॉफी सुरू झाली, तीच माझी ‘देवधर’! जानेवारी १९९२ मध्ये त्यांनी वयाचं शतक पूर्ण केलं.

आणि आता शेवटची गोष्ट, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो. १९९२-९३ च्या मोसमात महाराष्ट्र लुधियानाला फायनल हरला, आणि त्याच वर्षी २४ ऑगस्टला देवधर गेले. वय १०१. म्हणजे ज्या माणसाने दोन करंडक आणले, त्याने तिसऱ्याची बावन्न वर्षं वाट पाहिली आणि तो न बघताच गेला. अगदी माझ्या आजोबांसारखा! आपल्या टीमचा सगळ्यात जुना, सगळ्यात दमलेला चाहता स्वतः देवधरच होते.

मला वाटायचं आजोबा हे नाव जुन्या वैभवाची आठवण म्हणून घेतात. आता वाटतं, ते मला सबुरी शिकवत होते, पण पाटीवरची नाही. नुसतं बसून राहणं म्हणजे सबुरी नाही. वर्षाला दोनच सामने मिळणार हे माहीत असूनही रोज सराव करणं, चांगली पोरं निघून जाणार हे माहीत असूनही पुन्हा नवी पोरं तयार करणं, ही सबुरी. म्हणून टीम चालवणारे जेव्हा आम्हाला वेळ द्या म्हणतात, तेव्हा मी रागावणं सोडणार नाही. एवढंच विचारीन, की मधल्या काळात काय बांधलंत? श्रीरामपूर-संगमनेरच्या पुढच्या पोराला थांबवायला काय केलंत? हे विचारायचा हक्क चाहत्याचा आहे.

पण स्कोअर बघणं बंद करायचा विचार मी सोडून दिलाय. येत्या मोसमात नाशिकला रणजीची मॅच पडली तर सकाळच्या एस.टी.ने जाणार. आजोबांच्या वाटणीचीही मॅच बघून येणार. कुणाला यायचं असेल त्याने रूमवर येऊन सांगावं. मुंबईकरांनाही बंदी नाही!