वाळूच्या टेकड्यांवरील निरोप

बाडहूव्हडॉर्पहून पश्चिमेकडे निघालेला प्रवासी प्रथम हार्लेमरमेरची सपाट शेतजमीन ओलांडतो. वाफेच्या पंपांनी पाणी उपसून १८५२ मध्ये कोरड्या केलेल्या सरोवराचा हा तळ. पलीकडचा कालवा ओलांडला की समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्या सुरू होतात आणि त्यांच्या पायथ्याशी व्होखेलनझांग हे छोटे गाव लागते. नावाचा अर्थ पक्ष्यांचे गाणे. १९३७ च्या उन्हाळ्यात पन्नासहून अधिक देशांतील सुमारे २८ हजार बालवीरांनी येथे तंबू ठोकले होते. मेळाव्याच्या अखेरीस ऐंशी वर्षांच्या एका वृद्ध सेनानीने त्यांचा कायमचा निरोप घेतला. ते होते रॉबर्ट बेडन पॉवेल.

हा निरोप नेदरलँड्सच्या भूमीवर घेतला जावा, यात इतिहासाची एक विलक्षण गुंफण आहे. बेडन पॉवेल यांची कीर्ती झाली ती डच वंशाच्या बोअर लोकांशी लढून. १८९९ च्या ऑक्टोबरपासून २१७ दिवस त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग हे गाव बोअर सैन्याच्या वेढ्यात टिकवून धरले. वेढा उठल्याची वार्ता आली तेव्हा लंडनचे रस्ते जल्लोषाने भरून गेले. त्याच वर्षी नेदरलँड्सची तरुण राणी विल्हेल्मिना हिने बोअरांचे पराभूत अध्यक्ष पॉल क्रूगर यांना आणण्यासाठी आपली युद्धनौका आफ्रिकेला पाठवली होती. सदतीस वर्षांनी व्होखेलनझांगच्या मेळाव्याचे उद्घाटन याच राणीने केले. डच मुले ज्या चळवळीला ‘पाडव्हिंडर’, म्हणजे वाट शोधणारे, या नावाने ओळखत, तिचा जनक त्यांच्या आजोबांच्या पिढीला शत्रू वाटला असता.

बेडन पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक, शिवाय ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक. धर्मश्रद्धा आणि विज्ञान यांत वैर नाही, असे मानणाऱ्या त्या विद्वानाने डार्विनच्या ग्रंथाचे उघड स्वागत केले होते. रॉबर्ट तीन वर्षांचा असतानाच ते वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई हेन्रिएटा यांनी एकहाती वाहिला. शाळेत रॉबर्टची गती बेताची होती. शाळेलगतच्या राईत लपून, धूर न होऊ देता चूल पेटवणे आणि पकडलेला ससा शिजवणे यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज त्या राईतच पडले.

१८७६ मध्ये ते घोडदळाचे अधिकारी म्हणून थेट लखनौला दाखल झाले. घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करण्यात ते इतके तरबेज झाले की १८८३ मध्ये त्यांनी त्या खेळाचा मानाचा कादिर चषक जिंकला. पुढे अफगाणिस्तान, झुलूलँड, माल्टा, घाना. माग काढणे, अंधारात एकट्याने वाट शोधणे, तुटलेल्या फांदीवरून घडलेले ओळखणे ही त्यांची खरी विद्या. या काळावर एक डागही आहे. १८९६ च्या माटाबेले मोहिमेत उविनी नावाच्या पकडलेल्या प्रमुखाला त्यांनी लष्करी न्यायासनापुढे उभे करून गोळ्या घातल्या. चौकशीत ते निर्दोष ठरले, पण त्या निर्णयाचे समर्थन करणे आज कठीण आहे. मॅफेकिंगच्या वेढ्यातही सर्वाधिक हाल झाले ते तेथील कृष्णवर्णीय रहिवाशांचे.

मात्र त्याच वेढ्यात लहान मुले निरोप्यांचे काम किती जबाबदारीने करतात, हे त्यांनी पाहिले. इंग्लंडला परतल्यावर त्यांना आढळले की सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे माग काढण्याचे पुस्तक शाळकरी मुले वाचत आहेत. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी वीस-एक मुलांचे शिबिर भरवले. निम्मी श्रीमंतांच्या शाळांतली, निम्मी कामगारवस्तीतली. त्यांना उठवण्यासाठी माटाबेले मोहिमेतून आणलेले कुडू हरणाचे शिंग फुंकले जाई. युद्धातली वस्तू मुलांच्या पहाटेसाठी वापरली गेली. चळवळीचे सगळे रूपांतर एवढ्यात सामावलेले आहे. १९१० मध्ये त्यांनी सैन्य सोडले आणि उरलेली तीस वर्षे या कामाला दिली.

बालवीराच्या वचनात ईश्वराविषयीचे कर्तव्य पहिले होते, परंतु तो ईश्वर कोणत्या पंथाचा हे त्यांनी कधी ठरवून दिले नाही. वडिलांचा हा वारसा म्हणावा. निसर्ग हेच त्यांचे उपासनेचे ठिकाण; घरीदेखील ते ऋतू कोणताही असो, उघड्या सज्जात झोपत. घर मात्र उशिरा झाले. १९१२ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी तेवीस वर्षांच्या ओलेव्ह सोम्स यांच्याशी विवाह केला. दोघांचा वाढदिवस एकच. एक मुलगा, दोन मुली झाल्या आणि ओलेव्ह पुढे वीरबालांच्या जागतिक प्रमुख झाल्या.

भारताशी त्यांचे नाते प्रेमाचे आणि अवघडही. लहानग्यांच्या ‘कब’ शाखेसाठी त्यांनी मोगलीची गोष्ट निवडली. तिचे जंगल नागपूरच्या उत्तरेचे, शिवनीचे. परंतु आरंभी भारतीय मुलांना या चळवळीत प्रवेशच नव्हता. ॲनी बेझंट यांनी मद्रासला स्वतंत्र संघटना काढली आणि १९२१ च्या बेडन पॉवेल यांच्या भेटीनंतर दोन्ही प्रवाह जुळले. १९३७ च्या आरंभी ते दिल्लीच्या मेळाव्यासाठी पुन्हा आले. त्यानंतर भारतीयांच्या स्वभावाविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी मने दुखावली आणि १९३८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांच्या पुढाकाराने हिंदुस्थान स्काउट संघटना वेगळी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, हे तुकडे भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये एकत्र आले. महाराष्ट्रातील शाळांत ‘खरी कमाई’साठी दारोदार फिरलेल्या मुलांना या भांडणाचा पत्ताही नसतो.

व्होखेलनझांगनंतर वर्षभराने बेडन पॉवेल पत्नीसह केनियातील न्येरी येथे एका लहानशा घरात राहण्यास गेले. चित्रे काढावीत, पक्षी पाहावेत, एवढाच उद्योग. ८ जानेवारी १९४१ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये जर्मन सत्तेने बालवीरांच्या संघटनांवर बंदी घातली.

त्यांच्या थडग्यावर वर्तुळ आणि मध्ये टिंब अशी खूण आहे. माग काढणाऱ्यांच्या भाषेत तिचा अर्थ, घरी परतलो. त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी त्याच घरात नरभक्षक वाघांचे शिकारी जिम कॉर्बेट राहिले आणि त्याच गावी दफन झाले. ओलेव्ह पतीच्या मागे छत्तीस वर्षे जगल्या. १९७७ मध्ये त्यांच्या अस्थी इंग्लंडहून न्येरीला नेऊन पतीशेजारी ठेवण्यात आल्या.