लंडनच्या हेसबाई

स्मरणिकेसाठी आवडत्या व्यक्तीवर लिहा, असा निरोप आला. शाळेच्या आठवणी तुम्ही सगळे लिहालच, म्हणून मी जरा लांबच्या बाई निवडल्या: पियानोवादक मायरा हेस. आपल्या सगळ्यांचे सूर प्रार्थनेच्या पेटीपाशी सुरू झाले; माझे पुढे भरकटत पियानोपर्यंत गेले, एवढाच माझा अधिकार.

जन्म १८९० चा, लंडनच्या ज्यू घरातला. टोबायस मॅथे यांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. १९०७ साली, सतराव्या वर्षी, टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली बेथोवनचा चौथा पियानो कन्चेर्टो वाजवून लोकांपुढे आल्या. नंतर दौरे, कीर्ती वगैरे. ते कोशात सापडेल.

मला सांगायचे आहे ते १९३९ चे. सप्टेंबरात युद्ध पेटले आणि सरकारने नाटकगृहे, सिनेमागृहे, संगीतसभागृहे बंद केली. संध्याकाळ झाली की शहर काळोखात. नॅशनल गॅलरीतली चित्रे सुरक्षित ठेवायला वेल्समध्ये हलवलेली, भिंती ओक्याबोक्या. हेसबाईंनी ठरलेला अमेरिकेचा दौरा रद्द केला आणि गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांना गाठले. अधूनमधून एखादी मैफल करू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. क्लार्क यांनीच रोज करा म्हणून सुचवले.

१० ऑक्टोबरला त्या स्वतःच पहिल्यांदा वाजवायला बसल्या. तिकीट एक शिलिंग. हजाराच्या आसपास माणसे आली! मग सोमवार ते शुक्रवार, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, हा नेमच झाला. कारकून, शिपाई, सुट्टीवरचे सैनिक येत; स्वयंसेविकांनी केलेली मध-मनुकांची सँडविच खात आणि ऐकत. कलावंत नवखा असो वा नामांकित, मानधन सगळ्यांना सारखेच. स्वतः बाई जवळजवळ दीडशे वेळा वाजवल्या, एक पैसा न घेता. उरलेली रक्कम गरजू संगीतकारांच्या निधीला जाई.

१९४० मध्ये बॉम्ब पडू लागले तेव्हा मैफल तळघरात गेली. एकदा इमारतीत न फुटलेला बॉम्ब सापडला, तर श्रोत्यांना दूरच्या दालनात नेऊन वादन झाले. आणि वाजत काय होते? बाख, बेथोवन, शूमान, ब्राह्म्स. बॉम्ब टाकणाऱ्यांच्याच देशातले संगीत, ज्यू बाईंनी उभारलेल्या मंचावर. पहिल्या महायुद्धात जर्मन संगीताला इंग्लंडमध्ये नाके मुरडली गेली होती. या वेळी बाईंनी ते होऊ दिले नाही. मला त्यांचे हे काम वादनाहूनही मोठे वाटते.

साडेसहा वर्षांत १,६९८ मैफली, सव्वाआठ लाखांच्या आसपास श्रोते. १९४१ मध्ये त्यांना ‘डेम’ किताब मिळाला.

युद्ध संपल्यावरही हे चालू राहावे अशी त्यांची फार इच्छा होती. पण चित्रे परतली, विश्वस्तांना जागा हवी होती. १० एप्रिल १९४६ ला शेवटची मैफल झाली. बाईंना ते लागले. पुढे १९६१ पर्यंत त्या मैफली करत राहिल्या. १९६५ मध्ये लंडनमध्येच वारल्या.