विश्लेषण : पत्त्यांच्या गेममध्ये आजही एडमंड हॉईल यांचे नाव का?

घरच्या लॅपटॉपवर पत्त्यांचा गेम बनवायला घेतला की खरी गाडी अडते ती नियमांवर. पत्ते पिसणे, वाटणे, स्क्रीनवर दाखवणे जमून जाते. पण हातात रंग असताना भिडूने दुसरेच पान टाकले तर? घरात ‘जाऊ दे, पान मागे घे’ म्हणून भागते. कॉम्प्युटरला मात्र प्रत्येक शक्यतेचे उत्तर आधी लिहून द्यावे लागते. हेच काम लंडनमधील एडमंड हॉईल यांनी १७४२ मध्ये कागदावर केले होते.

कोण होते हॉईल?

त्यांचा जन्म साधारण १६७२ चा मानला जातो. पहिल्या सत्तर वर्षांच्या नोंदी फारशा सापडत नाहीत. लंडनमधील श्रीमंतांना ते ‘व्हिस्ट’ शिकवत. चार भिडू, समोरासमोर जोडीदार, प्रत्येकी १३ पत्ते आणि हुकूम. मेंढीकोट खेळणाऱ्यांना तो लगेच समजेल. शिष्यांसाठी काढलेल्या टिपणांतूनच व्हिस्टवरचे छोटे पुस्तक तयार झाले. किंमत होती एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग.

पुस्तकात वेगळे काय होते?

नियम आणि चुकीचा दंड तर होताच. शिवाय जोडीदाराकडे अमुक पान असण्याची शक्यता किती, याचे हिशेबही होते. नशिबाचा समजला जाणारा खेळ त्यांनी आकडेमोडीवर आणला. पुढे बॅकगॅमन आणि बुद्धिबळावर त्यांनी लिहिलेच, पण १७५४ मध्ये संभाव्यतेच्या गणितावरही पुस्तक काढले.

मग वाद कसला?

पायरसीचा! प्रकाशक फ्रान्सिस कोगन यांनी १७४३ मध्ये १०० गिनी मोजून पुस्तकाचे हक्क घेतले. पण थोड्याच दिवसांत बाजारात दोन शिलिंगची चोरटी आवृत्ती आली. कोगन कोर्टात गेले, किंमतही उतरवली. अस्सल प्रत ओळखता यावी म्हणून हॉईल प्रतींवर स्वतः सही करू लागले. आजच्या भाषेत ही ‘कॉपी प्रोटेक्शन’च. तरीही कोगन यांचे दिवाळे निघाले. पुढच्या काळात हाताच्या सहीऐवजी लाकडी ठशाने छापलेली सही आली.

नाव कसे टिकले?

हॉईल १७६९ मध्ये वारले. व्हिस्टचे त्यांचे नियम १८६४ पर्यंत प्रमाण मानले गेले. दरम्यान त्यांचे नाव लावून भलत्याच खेळांची पुस्तकेही निघत राहिली. पोकर तर त्यांच्या मृत्यूनंतरचा, तरी १९७९ मध्ये लास वेगासच्या ‘पोकर हॉल ऑफ फेम’च्या पहिल्याच यादीत ते होते. १९८९ मध्ये सिएरा कंपनीने पत्त्यांचा कॉम्प्युटर गेम आणला, त्याच्या नावातही ‘हॉईल’ होते.

आजच्या गेम बनवणाऱ्यांसाठी अर्थ काय?

हॉईल यांनी व्हिस्ट शोधला नव्हता. लोक खेळत होते तेच त्यांनी वाद उरणार नाही अशा शब्दांत मांडले. हयातीत त्यांच्या मजकुराची चोरी झाली, मागाहून नावाचा वापर झाला. त्यामुळे स्वतःच्या गेममध्ये ‘आभार’ची स्क्रीन टाकताना चित्रे आणि कोड देणाऱ्यांसोबत नियम लिहिणाऱ्यासाठीही एक ओळ ठेवायला हरकत नाही.