डॉक्टर चार्ल्स मोरहेड

आमच्या बडनेरा भागातील कोणी मोठ्या दुखण्याने मुंबईस गेला म्हणजे भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाचे नाव त्याच्या कानी पडतेच. त्यास जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजाचे पहिले प्राचार्य डॉक्टर मोरहेड ह्यांचे चरित्र आपल्या मंडळ्यांनी, व विशेषेकरून उपदेशक बंधूंनी, मनन करण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म इ. स. १८०७ त एडिंबरो शहरी एका पाळकाच्या घरी झाला. तेथे वैद्यकीची पदवी मिळाल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. पॅरिसला जाऊन लुई नामक नामांकित वैद्यापाशी ते पुनः शिष्य होऊन राहिले. रोग्याच्या खाटेपाशी बसून लक्षणे टिपावी, आणि पुष्कळ रोग्यांची टिपणे ताडून पाहिल्यावाचून कोणत्याही औषधाची वाखाणणी करू नये, अशी लुई ह्यांची शिस्त होती. ती घेऊन १८२९ साली मोरहेड मुंबई इलाख्याच्या चाकरीत आले.

येथे त्यांस एक मोठी उणीव दिसली. डॉक्टर दूरदूरच्या छावण्यांत एकएकटे राहत. एकाने पाहिलेले दुसऱ्यास कळत नसे, आणि तीच चूक गावोगाव घडून रोगी प्राणास मुकत. म्हणून १८३५ त त्यांनी मुंबईत वैद्यांची एक सभा स्थापन केली. चाकरीतील डॉक्टरांनी आपले अनुभव लिहून पाठवावे, ते सभेत वाचले जावे व छापून सर्वांस मिळावे, असा तिचा क्रम होता.

त्या काळचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट हे भक्तिगीते रचणारे भाविक ख्रिस्ती गृहस्थ होते. एतद्देशीय तरुणांस उत्तम वैद्यकी मिळावी, ही त्यांची तळमळ होती. १८२६ त निघालेली अशीच एक शाळा १८३२ त बंद पडली होती. ग्रँट साहेब १८३८ त दापोडी येथे वारले. परंतु त्यांच्या स्मरणार्थ १८४५ त कॉलेज उघडले, आणि मोरहेड ह्यांनी ते रुग्णालयातील खाटांपाशीच चालविले. १८५१ त पहिले ८ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. डॉक्टर भाऊ दाजी व डॉक्टर आत्माराम पांडुरंग त्यांतलेच.

पदवी हाती येताच शिक्षण संपले, असे त्यांनी ह्या तरुणांस मानू दिले नाही. पदवीधरांनी एकत्र येऊन आपापले निबंध वाचावे, म्हणून त्यांची निराळी सभा उभी राहिली. स्वतः मोरहेड ह्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेल्या रोग्यांवरून हिंदुस्थानातील रोगांविषयी मोठा ग्रंथ लिहून १८५६ त प्रसिद्ध केला. १८६२ त निवृत्त होऊन ते १८८२ त मायदेशी निवर्तले.

आज महाराष्ट्रात डॉक्टरांस दर ५ वर्षांनी नोंदणी नवी करताना पुढील शिक्षणाचे ३० गुण दाखवावे लागतात. मोरहेड ह्यांस असा कोणी नियम नव्हता. रोग्याचा जीव हाच त्यांचा नियम होता.

उपदेशक बंधूंनो, आपल्या हाती तर आत्मे सोपविलेले आहेत. सेमिनरीत मिळालेल्या जुन्या वह्यांवर जन्मभर उपदेश करणे, हे शहाण्या कुमारींप्रमाणे भांड्यात तेल घेऊन निघणे नव्हे. महिन्यातून एकदा शेजारच्या दोन-चार गावांचे उपदेशक एके ठिकाणी जमोत, शास्त्राचा एक अध्याय मिळून वाचोत, आणि कोणत्या घरी आपला उपदेश का लागू पडला नाही, हे एकमेकांस मोकळेपणी सांगोत. एवढ्याने पुष्कळ घरी लाभ होईल.