मर्केटर : नकाशाला नाव देणारा ‘दुकानदार’

जर्मन भाषेत ‘क्रेमर’ म्हणजे किरकोळ माल विकणारा दुकानदार. याच आडनावाच्या जर्मन कुटुंबात, आजच्या बेल्जियममध्ये, १५१२ साली गेरार्डचा जन्म झाला. वडील मात्र जोडे शिवायचे.

विद्यापीठात गेल्यावर त्या काळच्या विद्वानांप्रमाणे त्यांनी आडनावाचं लॅटिन रूप घेतलं - मर्केटर, म्हणजेच व्यापारी.

१५४४ मध्ये धर्मद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. याच प्रकरणात काहींना मृत्युदंड मिळाला. मर्केटर सुमारे सात महिन्यांनी सुटले. १५५२ मध्ये ते जर्मनीतल्या ड्युइसबर्गला गेले. तिथेच १५६९ मध्ये त्यांनी जगाचा प्रसिद्ध नकाशा बनवला. त्यावर सरळ रेघ ओढून खलाशांना जहाजाची दिशा ठरवता येऊ लागली.

१५९४ मध्ये मर्केटर यांचं निधन झालं. पण मोबाइलवरचे अनेक नकाशे आजही ‘मर्केटर’ पद्धतीवरच चालतात.